पत्र्यावरचे आकाश: छायाचित्रात संगणकनिर्मित गाडी बसवताना

संगणकावर घडवलेली गाडी खऱ्या रस्त्याच्या छायाचित्रात बसवणे हे जाहिरात, वाहनरचना आणि चित्रपट या तिन्ही क्षेत्रांत आता नित्याचे काम झाले आहे, कारण कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडण्यापूर्वीच तिची माहितीपुस्तिका छापून तयार ठेवावी लागते आणि एकाच गाडीचे दहा रंग दहा वेळा घाटात नेऊन टिपणे परवडत नाही. अशी अनेक चित्रे मात्र पाहताक्षणी खोटी वाटतात, आणि दोष गाडीच्या प्रतिकृतीतच असावा असे समजून शिकाऊ कलाकार तिच्यात आणखी तपशील भरत राहतो. दोष बहुधा तेथे नसतोच. लाकडी खुर्ची किंवा मातीचे मडके छायाचित्रात बसवणे त्या मानाने सोपे असते, कारण त्यांचा पृष्ठभाग मंद असून तो आजूबाजूचा प्रकाश सरमिसळ करून परत फेकतो. गाडी ही मात्र रंगावरचा पारदर्शक थर, काच आणि चकचकीत धातू यांनी मढवलेला एक मोठा वक्र आरसाच असते. छायाचित्रात गाडीच्या मागचे जग दिसते, तर गाडीच्या अंगावर छायाचित्रकाराच्या पाठीमागचे जग दिसते. हे दुसरे जग छायाचित्रात नसते, आणि ते टिपून आणले नसेल तर घरी बसून कोणत्याही सॉफ्टवेअरने ते निर्माण करता येत नाही. म्हणून या कामाचा खरा निकाल संगणकासमोर लागत नाही, तो रस्त्यावर लागतो.

चकचकीत वस्तूवर भोवतालचे चित्र चढवण्याची कल्पना १९७६ मध्ये जेम्स ब्लिन आणि मार्टिन न्यूवेल यांनी मांडली. तिला छायाचित्रणाची भक्कम जोड मिळाली ती १९९७ आणि १९९८ मध्ये, जेव्हा बर्कली येथे पॉल डेबेव्हेक यांनी आधी जितेंद्र मलिक यांच्यासह आणि पुढे स्वतंत्र निबंधातून, वेगवेगळ्या प्रमाणात प्रकाश घेऊन टिपलेल्या छायाचित्रांतून एखाद्या जागेच्या प्रकाशाची खरी मोजदाद कशी करावी आणि तोच प्रकाश कृत्रिम वस्तूवर कसा टाकावा हे दाखवून दिले. अशा प्रतिमेला एचडीआरआय म्हणतात. साध्या छायाचित्रात पांढऱ्याच्या पलीकडे काही नोंदवलेच जात नाही, त्यामुळे सूर्य, पांढरा ढग आणि चुन्याची भिंत ही तिन्ही सारखीच पांढरी दिसतात. एचडीआरआयमध्ये मात्र प्रत्येक बिंदूची तेजस्विता प्रत्यक्षातल्या प्रमाणात साठवलेली असते. सूर्यबिंब निळ्या आकाशाच्या काही लाख पट तेजस्वी असते, हे प्रमाण हरवले की ऊन आणि सावली यांतला फरकही हरवतो.

ही प्रतिमा टिपताना कॅमेरा गाडी जेथे उभी राहणार त्याच जागी, जमिनीपासून अर्धा ते एक मीटर उंचीवर तिपाईवर ठेवावा, फिशआय भिंगाने चारही दिशांची छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक दिशेला शटरचा वेग टप्प्याटप्प्याने बदलत किमान सात वेळा टिपावे. फिशआय भिंग नसेल तर चकचकीत पोलादी गोळ्याचे दोन बाजूंनी घेतलेले छायाचित्रही चालते. दोन बाजू अशासाठी, की एका छायाचित्रात गोळ्याच्या मधोमध उमटलेली छायाचित्रकाराची आकृती दुसऱ्याच्या साहाय्याने पुसून टाकता येते. मुख्य छायाचित्र, ज्याला या व्यवसायात बॅकप्लेट म्हणतात, आणि ही भोवतालची नोंद यांत काही मिनिटांपेक्षा अधिक अंतर पडू देऊ नये. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, आणि पावसाळी दिवसांत तर तेवढ्या वेळात ऊन येऊन गेलेलेही असते. पोली हेवनसारख्या संकेतस्थळांवर उत्तम एचडीआरआय विनामूल्य मिळतात आणि सरावासाठी त्यांचा उपयोग जरूर करावा, पण परदेशातील एखाद्या माळरानाचे आकाश ताम्हिणीच्या रस्त्यावरील गाडीच्या दारात दिसू लागले की पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी खटकते.

त्यानंतरचे काम कॅमेऱ्याची जुळणी करण्याचे. संगणकातील आभासी कॅमेरा खऱ्या कॅमेऱ्याच्याच जागी, त्याच उंचीवर आणि तेवढ्याच दृश्यक्षेत्रासह उभा करावा लागतो; दृश्यक्षेत्र म्हणजे भिंगातून आडवा किती अंशांचा पट्टा दिसतो ते माप. ३६ मिलिमीटर रुंदीच्या संवेदकावर ५० मिलिमीटरचे भिंग सुमारे ४० अंश पाहते, पण तेच भिंग दीडपटीने लहान संवेदकावर सुमारे २७ अंशच पाहते, म्हणून भिंगाचा आकडा भरताना संवेदकाचे माप विसरणे ही सर्वांत वारंवार होणारी चूक आहे. बॅकप्लेट कडेने कापलेले नसावे, कारण कापल्यावर चित्राचा मध्य भिंगाच्या अक्षावर राहत नाही. एफस्पाय या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये छायाचित्रातील समांतर कडांवर रेषा ओढून, त्या जेथे मिळतात ते लोपबिंदू शोधून कॅमेऱ्याची स्थिती काढता येते; त्यासाठी छायाचित्रात एखादी भिंत, पुलाचा कठडा किंवा टपरी असली तर फार उपकार होतात. त्याहून खात्रीचा उपाय मोजपट्टीचा आहे. कॅमेऱ्याची उंची, कॅमेऱ्यापासून गाडीच्या जागेपर्यंतचे अंतर आणि रस्त्याची रुंदी एवढे तीन आकडे वहीत असले की घरी तासन्‌तास चाललेली ओढाताण वाचते. १९७२ मध्ये युटा विद्यापीठात आयव्हन सदरलँड यांच्या विद्यार्थ्यांनी संगणकासाठी फोक्सवॅगन बीटल गाडीची प्रतिकृती तयार केली तीही गाडीच्या पत्र्यावर रेषा आखून आणि हाताने मापे घेऊनच. ती शिस्त आजही कालबाह्य झालेली नाही.

उंची बरोबर आहे की नाही हे पाहण्याची एक साधी कसोटी आहे. सपाट जमिनीवर क्षितिजरेषा प्रत्येक वस्तूला कॅमेऱ्याच्याच उंचीवर छेदते. कॅमेरा दीड मीटर उंच धरला असेल आणि गाडीही दीड मीटर उंच असेल, तर ती जवळ ठेवली काय किंवा लांब ठेवली काय, तिचा टप क्षितिजरेषेलाच टेकला पाहिजे. टप वर गेला तर गाडी हत्तीएवढी भासते, आणि खाली राहिला तर ती खेळण्यातली वाटते. घाटात मात्र सावध राहावे लागते, कारण चढणीच्या रस्त्याच्या कडा जेथे मिळताना दिसतात तो बिंदू खऱ्या क्षितिजाच्या वर असतो आणि उताराचा खाली; तेथे क्षितिज रस्त्यावरून न काढता घराच्या आडव्या कडांवरून किंवा दूरच्या धरणाच्या पाण्यावरून काढावे. आकाराची आणखी एक पडताळणी रस्ताच करून देतो. भारतीय महामार्गाची एक मार्गिका सहसा साडेतीन मीटर रुंद असते आणि लहान गाडी सुमारे पावणेदोन मीटर, म्हणजे गाडीने मार्गिकेचा जवळजवळ निम्मा भाग व्यापायला हवा.

गाडी जमिनीवर टेकते ती जागा विशेष न्याहाळण्यासारखी आहे, कारण नवशिक्याचे चित्र बहुतेक वेळा तेथेच उघडे पडते. प्रतिकृतीचे चाक भूमितीच्या दृष्टीने निर्दोष वर्तुळ असते आणि ते निर्दोष सपाट जमिनीला एका रेषेत स्पर्श करते, तर खरे टायर गाडीच्या वजनाने खाली चपटे होऊन साधारण तळहाताएवढ्या भागावर टेकते आणि त्याच्या बाजू किंचित फुगतात. म्हणून प्रतिकृतीतले टायर खालच्या बाजूने थोडे दाबून घ्यावे. डांबरी रस्ताही सपाट नसतो. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून त्याला मध्यापासून कडेकडे दोन ते अडीच टक्के उतार दिलेला असतो, त्यामुळे दीड मीटर अंतरावरील डाव्या आणि उजव्या चाकांच्या पातळीत तीन ते चार सेंटिमीटरांचा फरक पडतो आणि गाडी एका बाजूला अगदी थोडी कललेली असते. हा कल द्यायला एक मिनिटही लागत नाही, पण तो दिला की गाडी त्या रस्त्यावर उभी आहे असे वाटू लागते. टायर आणि डांबर यांच्या मधल्या फटीत प्रकाश पोहोचत नाही. तेथे छायाचित्रातला जवळजवळ सर्वांत गडद रंग असतो, आणि खडीचे उंचवटे त्या काळ्या रेषेची कड खडबडीत करतात. ही कड कात्रीने कापल्यासारखी सरळ राहिली तर गाडी कागदावर चिकटवलेली दिसते.

सावली हाताने रंगवण्याचा मोह टाळावा. डेबेव्हेक यांच्या १९९८ च्या निबंधातील रीत आजही सर्वांत विश्वासार्ह आहे आणि ती समजायला सोपी आहे: आधी रस्त्याचा जुजबी आभासी पृष्ठभाग तयार करून तो गाडीसह रेंडर करावा, म्हणजे संगणकाकडून त्याचे चित्र काढून घ्यावे, मग गाडी काढून टाकून पुन्हा रेंडर करावा, आणि या दोन चित्रांतील फरक तेवढा मूळ छायाचित्रात मिळवावा. असे केल्याने आभासी रस्ता स्वतः चित्रात येत नाही, गाडीमुळे खऱ्या रस्त्यावर पडणारी सावली आणि गाडीच्या पत्र्यावरून परतून रस्त्यावर सांडणारा उजेड तेवढा येतो. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमधील शॅडो कॅचर आणि अन्य सॉफ्टवेअरमधील त्यासारख्या सोयी याच तत्त्वावर बेतलेल्या आहेत.

सूर्य आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो आणि त्यामुळे सावलीची कड कधीही धारदार नसते. सावली पाडणारी कड जितकी दूर, त्या अंतराच्या साधारण एकशेआठाव्या हिश्शाइतकी ती पसरट होते. बंपरच्या खालच्या कडेची सावली जवळपास रेखीव असते, पण ३० अंशांवरच्या सूर्यात दीड मीटर उंच टपाची सावली जमिनीवर पाच-सहा सेंटिमीटर विरत जाते, आणि हा फरक संपूर्ण सावलीला एकच धूसरपणा देऊन मिळत नाही. सूर्याची उंची स्थळकाळावर ठरते. पुण्यात २१-२२ डिसेंबरच्या मध्यान्ही, म्हणजे घड्याळात साडेबाराच्या सुमारास, सूर्य सुमारे ४८ अंशांवरच असतो आणि सावली वस्तूच्या उंचीच्या नऊ-दशांश लांब पडते. शून्य सावलीच्या दिवशी, म्हणजे मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस, तीच सावली गाडीच्या पोटाखाली जाते, तर २१ जूनला ती किंचित दक्षिणेकडे झुकते. उन्हातल्या सावलीत आकाशाचा निळा प्रकाश शिरलेला असतो, म्हणून ती नुसती काळी नसते. तिचा रंग अंदाजाने न ठरवता त्याच रस्त्यावर पडलेल्या खांबाच्या किंवा झाडाच्या सावलीवरून मोजावा: समजा उन्हातल्या डांबराच्या तुलनेत सावलीत लाल घटक १५ टक्के, हिरवा १८ टक्के आणि निळा २३ टक्के उरला असेल, तर गाडीच्या सावलीतही हेच प्रमाण उतरले पाहिजे. प्रमाण जुळत नसेल तर एचडीआरआयमधला सूर्य टिपताना त्याचे तेज कापले गेले असे समजावे, त्यातला सूर्य पुसून टाकावा आणि त्याच्या जागी तेवढ्याच कोनीय आकाराचा वेगळा प्रकाशस्रोत ठेवून प्रमाण जुळेपर्यंत त्याची तीव्रता वाढवावी.

सह्याद्रीतला पावसाळी घाट हा आपल्याकडील जाहिरातींचा आवडता देखावा आहे आणि त्याचे नियम उन्हापेक्षा अगदी निराळे आहेत. पूर्ण ढगाळ आकाश सगळीकडे सारखे उजळ असते असा समज आहे, पण प्रकाशशास्त्रात प्रमाण मानलेल्या ढगाळ आकाशात डोक्यावरचा भाग क्षितिजालगतच्या भागाच्या तिप्पट उजळ असतो. त्यामुळे बॉनेट, टप आणि खिडक्यांखालचा खांदा उजळ राहतो, तर दारे खाली उतरत गडद होत जातात. सूर्याची रेखीव सावली पडत नाही, म्हणून अनेक जण सावलीच टाकत नाहीत आणि गाडी तरंगू लागते. प्रत्यक्षात गाडीच्या पोटाखाली दाट अंधार असतो आणि तो दोन्ही बाजूंनी हळूहळू पातळ होत रस्त्यात मिसळतो. ओले डांबर कोरड्यापेक्षा गडद दिसते, आणि तिरकस नजरेने पाहिले तर आरशासारखे चमकते. त्यात गाडीचे प्रतिबिंब उभे ताणलेले, खडीने फुटलेले दिसते. मागचे लाल दिवे लागलेले असतील तर त्यांचा पट्टा कॅमेऱ्याच्या दिशेने लांबवर ओघळतो. कठडा, झाडे, मैलाचा दगड, सगळे भिजलेले असताना गाडी कोरडीठाक दिसली तर बाकीचे सारे श्रम वाया जातात. बॉनेटवर पाण्याचे थेंब, चाकांच्या कमानींमागे चिखलाचे शिंतोडे आणि काचेवर वायपरने पुसलेली कमान एवढे तरी असावेच. दूरच्या डोंगरापुढे धुके असते, म्हणून गाडी जितकी लांब, तितके तिच्यातले काळे रंग करडे झाले पाहिजेत. त्याच अंतरावरच्या एखाद्या ओल्या खडकातला सर्वांत काळा भाग मोजून पाहावा. गाडीतले काहीही त्याहून फार काळे असू नये.

गाडीचा रंग हा एक थर नसतो. खाली रंगद्रव्य, त्यात बहुधा धातूचे बारीक कण आणि वर पारदर्शक लेप अशी त्याची रचना असते; लेपाचा अपवर्तनांक सुमारे दीड असल्याने समोरून पाहताना तो जेमतेम चार टक्के प्रकाश परत फेकतो, पण तिरकस कोनात हे प्रमाण झपाट्याने वाढत आरशापर्यंत पोहोचते. म्हणूनच लाल गाडीचे दार समोरून लाल दिसते आणि तिच्या बॉनेटवर मात्र आकाश पसरलेले दिसते. येथे एक तांत्रिक अडचण येते: एचडीआरआय अनंत अंतरावर आहे असे संगणक मानतो, त्यामुळे दाराच्या खालच्या भागात अगदी शेजारचा रस्ता दिसण्याऐवजी कुठलीतरी दूरची जमीन दिसू लागते. उपाय असा, की प्रतिमेचा खालचा अर्धा भाग आभासी रस्त्याच्या पृष्ठभागावर प्रक्षेपित करावा, म्हणजे पट्टे आणि साइडपट्टीची माती योग्य जागी परावर्तित होतात आणि कोकणातल्या तांबड्या मातीची लाली उंबरठ्याच्या पत्र्यावर आपोआप चढते. बॅकप्लेट घेताना भिंगावर ध्रुवक फिल्टर लावला असेल तर रस्त्यावरची आणि काचेवरची चमक आधीच कमी झालेली असते. मग रेंडरमधली चमकही तितकीच उतरवावी लागते, म्हणून शक्यतो तो लावू नये.

दोन्ही चित्रे एकत्र करताना, ज्याला कॉम्पोझिटिंग म्हणतात, गणित रेषीय मूल्यांवर चालले पाहिजे. पडद्यासाठी साठवलेल्या सामान्य चित्रात २५५ पैकी १२८ हा आकडा निम्मा प्रकाश दाखवत नाही. तो सुमारे २२ टक्के दाखवतो, आणि निम्म्या प्रकाशासाठी १८८ लागतात. अशा आकड्यांचा थेट गुणाकार केला तर सावल्या आणि कडा चुकतात. म्हणून बॅकप्लेट कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून काढावे, रेंडर ओपनईएक्सआर स्वरूपात साठवावे, दोन्ही रेषीय अवस्थेत जोडावी आणि शेवटी संपूर्ण चित्राला एकदाच रंगसंस्कार द्यावा. कॅमेऱ्यातून तयार होऊन आलेल्या जेपेगला ब्लेंडरचा फिल्मिक किंवा एजीएक्स संस्कार पुन्हा दिला की पार्श्वभूमी फिकी पडते, आणि ती सावरायला जावे तर गाडी भडक होते. या एका गोंधळात कित्येकांचे दिवस जातात.

यानंतर भिंगाचे दोष गाडीलाही द्यायचे असतात. रेंडरची कड गरजेपेक्षा तीक्ष्ण असते, म्हणून त्याच अंतरावरील खऱ्या वस्तूची कड चारशे टक्के मोठी करून पाहावी आणि गाडी तेवढीच मऊ करावी. चित्रातील दाणेदारपणा त्याच छायाचित्राच्या एकसारख्या भागावरून जुळवावा. गाडी चालती दाखवायची असेल तर आकडे मोजूनच काम करावे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या साठाव्या भागात सुमारे २८ सेंटिमीटर पुढे जाते आणि तेवढ्यात तिचे चाक जवळपास एक-सप्तमांश फेरा घेते. चाकाचे आरे रेखीव आणि रस्ता धूसर, किंवा याच्या उलट, असे मिश्रण निसर्गात होत नाही. चालत्या गाडीत चालक असावा लागतो, ही गोष्ट लिहायला क्षुल्लक आहे, पण रिकाम्या आसनांची धावणारी गाडी छापील जाहिरातीतही दिसते.

भारतीय रस्त्यासाठी आणखी काही तपशील पाहावे लागतात. बाहेरून घेतलेल्या प्रतिकृतीचे सुकाणू बहुधा डावीकडे असते. संपूर्ण चित्र आरशासारखे उलटवून ते उजवीकडे आणू नये, कारण बोधचिन्हे, अक्षरे आणि वायपरही उलटे होतात. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी अनिवार्य आहे आणि मोटारीची लांब पट्टी ५०० बाय १२० मिलिमीटरची असते; खासगी गाडीला पांढरी, भाड्याच्या गाडीला पिवळी आणि विजेवरच्या गाडीला हिरवी. कोणाच्याही खऱ्या गाडीचा क्रमांक तीवर घालू नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, म्हणून काळ्या काचांमागे आतील भाग लपवण्याची सवड येथे नाही. आसने, आरसा आणि काचेपलीकडचा रस्ता दिसायलाच हवा.

काम पूर्ण झाल्यावर चित्र आडवे उलटवून पाहावे, नंतर कृष्णधवल करून पाहावे आणि उजळपणा दोन्ही टोकांना खेचून पाहावा, म्हणजे डोळ्याला सवयीने न दिसणारे फरक वर येतात. मग ते या कामाशी संबंध नसलेल्या माणसाला दाखवावे, पण गाडी खरी वाटते का असे त्याला विचारू नये, कारण प्रश्नातच शंका असते. ऊन कोणत्या बाजूने येत आहे आणि फोटो काढणारा कोठे उभा होता, एवढेच विचारावे. बोट न अडखळता दोन्हीकडे गेले तर चित्र छपाईला पाठवावे, आणि गेले नाही तर पुन्हा त्याच रस्त्यावर जाऊन आकाश टिपून आणावे.